फडक्याला पीठ लागेपर्यंत

दि. ३ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखतात हे वाचून वाईट वाटलं, पण त्याच गुडघ्यांनी चार जिने उतरून तू खालच्या दुकानदाराशी शिळ्या पावावरून भांडून आलीस हे पुढच्याच ओळीत वाचलं आणि काळजी मिटली.

आता आमच्याकडची बातमी. बेकरीत खुर्च्या आल्या. हे तू उभ्याने वाचत असशील तर उभीच राहा, कारण मला आता बसण्याची धास्तीच वाटायला लागली आहे.

गाडीवर पाव पोचवणारा भोंगा तू इथून राहायला गेल्यावर रुजू झाला. (हे नाव त्याच्या गळ्यावरून पडलं, गाडीवरून नव्हे.) त्याने मला परवा विचारलं की पूर्वी म्हणे सभा उभ्याने व्हायची, ती काय शिक्षा होती का. मग मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मालक कुलूप लावून पसार झाल्यावर नऊ कामगारांनी ती भट्टी पुन्हा पेटवली, तेव्हापासून सभा मळायच्या टेबलाभोवती व्हायची. आधी काठवटीत पीठ मळायचं, त्यावर ओलं फडकं टाकायचं आणि मग बोलायला लागायचं. पीठ फुगून फडक्याला लागलं की सभा संपली. कारभारी वाक्याच्या मध्यावर असला तरी त्याने तोंड मिटायचं, उरलेल्या मुद्द्यावर सगळ्यांनी हात वर करायचे आणि तेच हात पुन्हा पिठात घालायचे. ज्या हाताला पीठ नाही ते मत धरायचं नाही. भोंग्याने विचारलं, असला नियम कुणाच्या डोक्यातून निघाला. मी म्हटलं, पहिल्या कारभाऱ्याची जीभ थांबेना म्हणून बाकीच्या आठ जणांनी केला. आणि तो पहिला कारभारी म्हणजे माझी सख्खी आत्या. रागावू नकोस. हे इथे भिंतींनासुद्धा माहीत आहे.

तर आता ते सगळं बंद. सभा वरच्या मजल्यावर, जिथे मैद्याची पोती असायची तिथे होते, आणि तीही सुट्टीच्या दिवशी, म्हणजे खाली पीठ नाही आणि वर घाई नाही. प्रत्येकाला प्लास्टिकची खुर्ची. हात असलेली, गादीची खुर्ची एकच, आणि ती कुणाची हे तुला सांगायला नको. दादा बोलायला लागतो. खोली भट्टीच्या बरोबर वर, भिंती उबदार, आणि समोर पहाटे उठणारी माणसं. डुलकी लागली की मान खाली येते, आणि खाली आलेली मान होकार म्हणून धरली जाते. भट्टीकाकांनी गेल्या सभेत असे तीन ठराव मंजूर केले. जागे झाल्यावर त्यांना कळलं की पावाच्या पिशवीवर दादाचा फोटो छापायला पहिली मान त्यांनीच डोलावली होती.

दादाला निवडण्यात चूक झाली असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातासारखा पाव आजही कुणाला जमत नाही. कारभारीपदाच्या पहिल्या खेपेत त्याने गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं, नवी भट्टी आणली आणि स्वतः तिच्यापुढे उभा राहिला. दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी दोन्ही हात वर केले होते. तेव्हापासून तो काही भट्टीपुढे दिसलेला नाही.

आता या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सभा आहे. ठराव असा की दोन खेपांची अट काढून टाकावी, ‘प्रकृती साथ देईल तोवर’ दादाच कारभारी राहावा, आणि कुणी कुठल्या कामावर राहायचं, कुणी मुळात राहायचंच की नाही, हे त्याने एकट्याने ठरवावं. भट्टीकाकांची पाठ हल्ली वाकत नाही, त्यांना ‘सन्मानाने विश्रांती’ देण्याची भाषा आत्ताच सुरू झाली आहे. ते मला म्हणाले की पोरी, मला सन्मान नको, पाव काढायचं फावडं हवं. मी सभेत याबद्दल एक प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी माझी भट्टीवरून काउंटरवर बदली झाली. आता मी दिवसभर पिशव्या भरते, म्हणजे आपल्याच भावाच्या थोबाडात पाव कोंबते.

तू काहीतरी सुचव. आणि गुडघ्यांना शेक घे.

तुझ्या मायेचा वाटा इतर भाच्यांपेक्षा मला थोडा जास्त असू दे.
तुझी,
ठिणगी


दि. ९ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी बसूनच वाचलं आणि वाचता वाचता उठले.

आधी घरचं. सूनबाईने परवा स्वयंपाकघरातला माझा स्टूल उचलून बाल्कनीत नेऊन ठेवला. म्हणाली, आई, ज्याला सूचना करायच्या असतील त्याने उभं राहून कांदा चिरावा. मी अबोला धरला. पण या घरात बोलणारी मी एकटीच असल्याने अबोल्याचा त्रास फक्त मला झाला, बाकीच्यांनी शांततेत दोन सिनेमे पाहिले. शेवटी मुकाट्याने कांदा चिरायला घेतला. चिरताना लक्षात आलं की डोळ्यांत पाणी असलं की सूचना कमी सुचतात.

आता तुझ्या भावाचं. तो वाईट आहे असं तू म्हणत नाहीस, हे बरं केलंस. वाईट माणसाला निवडायला आम्ही काय खुळे होतो? निवडून येताना सगळे चांगलेच असतात गं. मीसुद्धा होते. म्हणून तर खेपा मोजायच्या असतात. चांगल्या माणसाला बिघडायला फुरसत मिळू नये, एवढ्यासाठी. पीठ चांगलं असलं तरी ते रात्रभर विसरून चालत नाही, आंबट होतं. त्यात पिठाचा काही दोष नसतो.

त्या नियमाबद्दल तू भोंग्याला सांगितलंस ते खरं, पण अर्धवट. आठ जणांनी तो माझ्या तोंडावर मंजूर केला तेव्हा मी त्याविरुद्ध भाषण करत होते, आणि त्या भाषणाच्या मध्येच पीठ फडक्याला लागलं. अशी मध्येच तोंड मिटावं लागलेली मी पहिली.

मी ठरवलं आहे. अठ्ठावीसला मी स्वतः येते आणि सभेत बोलते. भाषणाचा कच्चा खर्डा सुरू केला आहे, सध्या मालक पळाला तिथपर्यंत आले आहे. तुझ्या दादालाही वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात शिव्या नाहीत, फक्त प्रश्न आहेत. उत्तर आलं की कळवते.

काउंटरवर आहेस तर मान वर करून राहा. पिशव्या भरताना फोटो उलटा ठेवायला कुणाची मनाई नाही.

माझा जीव तुझ्यापाशी आहे, तो नीट सांभाळ.
आत्या


कारभारी कक्ष, वरचा मजला
जा. क्र. १
दि. १४ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आशय समजला. आपल्यासारख्या संस्थापक सभासदांच्या भावनांची हा कक्ष नेहमीच कदर करत आला आहे.

आपण विचारता की सभेत कोणी विरोध करते का. कळविण्यास आनंद वाटतो की सर्वांचा माझ्यावर इतका विश्वास आहे की कोणी तोंडही उघडत नाही. भट्टीकाका तर माझे बोलणे डोळे मिटून ऐकतात. उभ्याने सभा होत तेव्हा लोक घाईत निर्णय घेत असत. आता ते इतक्या शांतपणे बसतात की कधी कधी मलाच त्यांना हलवून उठवावे लागते. धाकटीची बदली तिच्या भल्यासाठीच केली. भट्टीच्या धगीने तिचा स्वभाव तापट होत चालला होता. सौ.चेही मत माझ्यासारखेच असावे. तिने अद्याप ते मला सांगितलेले नाही.

मी नसलो तर बेकरीचे काय होईल, हा विचार मला झोपू देत नाही. तिसरी खेप मी स्वतःसाठी मागत नाही. जबाबदारी अंगावर पडली की ती खांद्यावर घ्यावी लागते, आणि एकदा खांद्यावर घेतली की खाली ठेवायला जागा सापडत नाही.

आपण सभेस येण्याचे कष्ट घेऊ नयेत. जिना चढावा लागतो. वृत्तान्त छापून पाठवीन.

आपल्या आशीर्वादाची छाया या कक्षावर अशीच राहावी.
आपला आज्ञाधारक,
कारभारी

ता. क. आत्या, नवा मैदा आला आहे तो पाणी फार पितो. मी खाली जाऊन बघत नाही, पण वरपर्यंत वास येतो आणि तो मला बरोबर वाटत नाही, कुणीतरी पीठ लवकर उचलतं आहे. तुझ्या वेळी असला मैदा आला की तू मीठ आधी घालायचीस की नंतर? मला वाटतं नंतर. खात्री करून सांग.


दि. १८ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझ्या भावाचं उत्तर आलं. पहिल्या पानभर मला एक अनोळखी गृहस्थ भेटले. छापील कागद, वर फोटो, जावक क्रमांक एक. म्हणजे त्या कक्षातून आजवर बाहेर गेलेली पहिली गोष्ट म्हणजे हे पत्र! सुनेने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटी तिला पाणी प्यावं लागलं.

पण ताजा कलम तसाच्या तसा उतरवून पाठवते आहे, सोबतचा कागद बघ. माझा भाचा त्या तेवढ्या चार ओळींत आहे. वर बसून खालच्या पिठाचा वास घेतो आणि तळमळतो. उतरून यायला मात्र कारभाऱ्याला लाज वाटते.

याचं काय करायचं ते मला सुचत नाही. मला फक्त बोलता येतं. भाषणाची अकरा पानं झाली आहेत. गाडीचं बघते आहे.

तुझ्या बाजूने सदैव उभी (सध्या अक्षरशः),
आत्या


दि. २२ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू येऊ नकोस. हे मी हात जोडून लिहिते आहे. तू आलीस तर ती दोन भाषणांची सभा होईल, आणि दोन भाषणांत आमची माणसं दुप्पट झोपतील. तुझी अकरा पानं जपून ठेव, दिवस चांगले आले की आम्ही ती हप्त्याहप्त्याने ऐकू.

तू उतरवलेला ताजा कलम मी भट्टीकाकांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले की त्याला सांग, मीठ नंतर; आणि पाठीला हात लावून बराच वेळ हसत बसले.

इथे एक गंमत झाली. काउंटरवर बदली झाल्यापासून ऑर्डरी माझ्याकडे येतात, हे बदली करताना दादाच्या लक्षात आलं नव्हतं. पलीकडच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून माणूस आला. त्यांना एकोणतीस तारखेच्या सकाळी सगळ्या रुग्णांसाठी ताजा पाव हवा आहे, आणि काम आवडलं तर कायमचा. मी वर जाऊन दादाला विचारलं. तो खूश झाला. सभेच्या दुसऱ्याच दिवशी एवढी मोठी ऑर्डर, म्हणजे कारभाराची पावतीच की! मी त्याला स्पष्ट सांगितलं की मग आदल्या संध्याकाळी, सुट्टी असली तरी, पीठ मळावं लागेल, आणि संध्याकाळी सभा आहे; चालेल ना. तो म्हणाला की असल्या बारीकसारीक गोष्टी वर आणत जाऊ नकोस. मी म्हटलं, बरं. भट्टी सोडून बसलं की माणसाला पाव कपाटातून निघतो असं वाटायला लागत असावं.

मी त्याच्यापासून काही लपवलं नाही, हे तू ध्यानात ठेव. उद्या कुणी विचारलं तर साक्षीला हे पत्र आहे.

वहिनी काही बोलत नाही. पण काल ती पिशव्या भरायला माझ्या शेजारी येऊन बसली, आणि तिने सगळ्या पिशव्या फोटो आत करून घडी घातल्या. दादा हल्ली घरीही जेवणाआधी दोन शब्द बोलतो म्हणे. भाजी गार होते.

भोंगा घरोघरी फिरून माणसं दादाच्या बाजूला वळवतो आहे. त्याला दादाने नव्या गाडीचं आश्वासन दिलं आहे. मी कुणाकडेही गेलेली नाही. मला भीती वाटते आहे, आत्या. ठराव मंजूर झाला तर भट्टीकाका जातील, त्यांच्यामागून मी, आणि मग एखाद्या दिवशी दादा असा एकटाच वर बसलेला असेल की त्याला जेवायला बोलवायलाही कुणी उरणार नाही. ती शेवटची भीती सगळ्यात मोठी आहे.

तुझी माया दुरूनही ऊब देते, ती कमी होऊ देऊ नकोस.
ठिणगी


दि. २५ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

येत नाही. जीभ चावून घरी बसते आहे.

पाणी कोमट घे. यीस्टला कंजुषी नको. काठवट जिन्याच्या तोंडाशी ठेव, तिथे खालून ऊब येते आणि वर वारा जातो. हे मी फक्त पावासाठी सांगते आहे.

आशीर्वाद बाकीच्या जागेत मावतील तेवढे.
आत्या


दि. २९ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

जिंकलो! आधी हे एकदा मोठ्याने वाच, सूनबाईंनाही वाचून दाखव, आणि मग पुढचं वाच.

काल संध्याकाळी, सभेआधी, मी आणि भट्टीकाकांनी पीठ मळलं. पाणी कोमट, मीठ नंतर, काठवट जिन्याच्या तोंडाशी, वर ओलं फडकं. हात झटकून आम्ही वर गेलो. सगळे आपापल्या प्लास्टिकवर बसले होते. दादाने दार लावून घेतलं. त्याचाच नियम आहे, सभा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. मग भोंग्याने प्रस्ताव मांडला. त्याचा आवाज खालच्या रस्त्यावर ऐकू गेला असणार, कारण एक रिकामी गाडी बिचारी बाजूला झाली. मग दादा उठला, खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून, आणि बोलायला लागला.

खरं सांगते, तो चांगला बोलत होता. छप्पर, भट्टी, सगळं आलं, आणि ते सगळं खरंही होतं. पहिल्या रांगेतल्या दोघांच्या माना वाकायला लागल्या. म्हटलं, संपलं.

मग वास आला.

दाराच्या फटीतून आधी नुसता आंबूस, गोडसर, कळेल न कळेल एवढा. वाकलेल्या माना वर आल्या. त्या खोलीत भट्टीकाका पहिल्यांदाच पूर्ण जागे दिसले. कुणीतरी खुर्ची सरकवली. वहिनीची बोटं मांडीवर आपोआप मळायला लागली. आत्या, तुला माहीत आहे, आपली माणसं घर जळतंय म्हटलं तर एक वेळ बसतील, पण पीठ वर आलंय म्हटल्यावर त्यांना बसवत नाही. भोंग्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजत विचारलं की मी बघून येऊ का. दादा म्हणाला की सभा चालू असताना कुणी उठणार नाही. आणि वेग वाढवून बोलायला लागला. आणखी थोडा वास आला. दादाचं नाक हलायला लागलं. त्याला कळत होतं पीठ कुठवर आलं आहे, आम्हा सगळ्यांपेक्षा आधी कळत होतं. तो म्हणाला की या बेकरीला आज गरज आहे ती एका अशा, आणि थांबला.

अशा कशाची, ते कुणालाच कळलं नाही. कारण दादाने दार उघडलं, एका दमात जिना उतरला, आणि आम्हाला खालून फक्त त्याचं ओरडणं ऐकू आलं की हे कुणी एवढं वर येऊ दिलं, हात धुवा, पटपट या!

सगळे खाली धावले. दादाने कोट काढून पोत्यावर फेकला, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत पिठात. फुगलेलं पीठ दाबून बसवलं, टेबलावर घेतलं, आणि आम्ही सगळे टेबलाभोवती, जुन्या जागांवर, उभे. कुणी कुणाला जागा दाखवली नाही. गोळे तोडणं सुरू झालं. इतक्या दिवसांनी दादा कुणाच्या तरी गोळ्याला नावं ठेवत होता, आणि ज्याला नावं ठेवली तो हसत होता.

तेव्हा भट्टीकाका शांतपणे म्हणाले की पीठ फडक्याला लागलं आहे, सगळे टेबलाशी आहेत, सभेचं दार उघडून खुद्द कारभारीच आधी उतरला आहे, तर रीतीप्रमाणे आता हात वर करायची वेळ झाली. सगळं थबकलं. दादाने मान वर केली. मला वाटलं आता पुन्हा भाषण. पण त्याच्या हातात पीठ होतं, आणि पीठ हातात असताना तो कधीच जास्त बोलत नाही. तो म्हणाला, करा, पण गोळे वाळू देऊ नका. त्याला खात्री होती की तोच जिंकणार.

ठरावाच्या बाजूने एकच हात वर गेला, भोंग्याचा. त्याच्या हाताला पीठ नाही म्हणून कुणीतरी हरकत घेतली. बिचारा धावत पोत्याशी गेला, हात बुचकळून पुन्हा वर केला, चहूकडे बघितलं, एकटाच आहे हे कळलं, आणि त्याच हाताने डोकं खाजवलं. त्या पांढऱ्या डोक्याने तो पुढचा तासभर वावरला. विरोधात विचारलं तेव्हा टेबलाभोवती पिठाचे हात असे वर गेले की दिव्यासमोर धुकं पसरलं. वहिनीचा हात सगळ्यात आधी. दादा तिच्याकडे बघतच राहिला. ती म्हणाली की घरीही हाच नियम लावायचा आहे, पण ते नंतर.

दादाने स्वतःसाठी हात वर केला नाही. दोन्ही हात पिठात होते, आणि ते त्याने बाहेर काढले नाहीत.

दादाची दुसरी खेप संपत होती, म्हणून नवा कारभारीही तेव्हाच निवडायचा होता. भट्टीकाकांनी माझं नाव घेतलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं तर कुणीतरी ओरडलं की भाषण नको, गोळे वाळतील. झालं, मी निवडून आले. दोन खेपांची अट माझ्याही गळ्यात.

प्लास्टिकच्या खुर्च्या इस्पितळाला दिल्या, रुग्णांच्या नातेवाइकांना बसायला. हातवाली खुर्ची आम्ही खाली आणली. भट्टीकाका आता तिच्यावर बसून गोळे वळतील, आणि फावडं शेजारी टेकवून ठेवतील. वरच्या खोलीत पोती परत गेली.

आज सकाळी पाव काढायला मी भट्टीपुढे उभी होते. दादा आला. त्याने माझ्या हातातलं फावडं घेतलं. मी दिलं. पहिली लादी बाहेर आली तेव्हा त्याने ती नाकाशी धरली, तोडली आणि अर्धी मला दिली. इस्पितळाने कायमची ऑर्डर दिली आहे.

तुझ्या शाबासकीची वाट बघणारी,
तुझी,
कारभारी (ठिणगी)


दि. ३ एप्रिल

चि. ठिणगीस,
अनेक, अनेक, अनेक उ. आ.

तुझं पत्र मी चारही मजल्यांवर वाचून दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी भोंग्याचा परिच्छेद पुन्हा मागितला. सूनबाईने बाल्कनीतला स्टूल आत आणून दिला, म्हणाली आज बसा. मी बसले, पण एक अक्षर बोलले नाही. तिने घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

माझी अकरा पानं मी फाडून टाकली. पिठाने जे केलं ते मला बावीस पानांतही जमलं नसतं.

आता तुझ्याविषयी. तू मला नऊ पानांचं पत्र लिहिलं आहेस. विजयाचं होतं म्हणून आनंदाने वाचलं, पण पानं मी मोजली आहेत. घराण्याची जीभ कुठे जाते? फडकं ओलं ठेव.

माझ्या लाडक्या कारभाऱ्याला आणि त्याहून लाडक्या पाववाल्याला, दोघांनाही जवळ घेतलं आहे असं समजा.
आत्या


दि. २६ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पोत्याच्या कागदावर पेन्सिलीने लिहितो आहे, छापील कागद सौ.ने लाद्यांखाली अंथरायला घेतले. फोटोकडची बाजू वर ठेवते. म्हणते, भाजला की चेहऱ्यावर रंग चढतो. पिशव्याही संपेपर्यंत त्याच वापरायच्या असं ठरलं. मीच हात वर केला. फुकट कशाला घालवायच्या?

पहिले काही दिवस मला फार लागलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण भट्टीपुढे उभं राहिलं की मागचं काही दिसत नाही. मैद्याचं जमलं. मीठ नंतर, बरोबर होतं माझं. घरीही सौ. जेवणाआधी ताटावर फडकं टाकते, वाफेने ओलं झालं की माझं बोलणं बंद. भाजी गरम मिळते आहे.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल नव्या कारभाऱ्याची पहिली सभा झाली. टेबलाभोवती, उभ्याने. आत्या, ती बोलायला लागली! इस्पितळ, दुसरी भट्टी, भोंग्याची गाडी, पुढची दहा वर्षं. हात हवेत, डोळे चमकताहेत. थेट तू. भट्टीकाकांना खुर्चीत डुलकी लागली. मी काठवटीकडे बघत होतो. कडेपर्यंत आलं. फडकं हललं. ती म्हणत होती की आपल्या सगळ्यांचं मुख्य ध्येय हे असलं पाहिजे की, आणि मी टेबलावर हात आपटून सांगितलं, लागलं! ती तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग अशी हसायला लागली की तिला टेबलाला धरावं लागलं, आणि सगळे हसले, काका दचकून उठले आणि त्यांनी सवयीने मान डोलावली. ध्येय काय ते अजून कुणाला कळलेलं नाही. हात वर केले, कामाला लागलो. मला आठवत नाही मी शेवटचा इतका खूश कधी होतो. कारभारी झालो त्या दिवशीसुद्धा नव्हतो.

सोबत पाव पाठवतो आहे, भोंगा तुझ्या दारापर्यंत आणून देईल. हाक मारायची त्याला गरज नाही, तो खाली नुसता कुजबुजला तरी तू चौथ्या मजल्यावर ऐकशील.

त्या दिवशी वर माझं एक वाक्य अर्धं राहिलं होतं. ते आता मला नीट सुचलं आहे, आणि ते तुला एकटीलाच सांगतो. या बेकरीला गरज आहे ती एका अशा

फडक्याला लागलं. जातो.

तुझा,
दादा